लिफाफ्यातला कोरा कागद

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लिफाफा फाडण्यात आला. आत कोरा कागद निघाला.

कॅमेरा चालू होता. सिनेमातली मोठी झालेली मुलगी, हाना युन, हिने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि मग कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या दिग्दर्शिकेकडे पाहिलं. असं पाहणं पटकथेत नव्हतं.

"कट," किर्स्टन ऑडलँड म्हणाली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या आर्डिस हाउगेनने वहीत वेळ लिहिली. एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना कपाची जागा, बाहीची घडी, घड्याळाचा काटा यांतलं काही बदलत नाही ना, एवढंच पाहण्याचं तिचं काम. हे काम ती एकतीस वर्षं करत होती. वय बासष्ट, पहाटे चारपासून ती सेटवर होती आणि आज चित्रीकरणाचा शेवटचा दिवस होता. तो शेवटचा राहणार नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं.

सिनेमा एका जोडप्याचा होता. उत्तर मिनेसोटातलं हे जोडपं १९८७ साली कोरियातल्या सोलला जाऊन दोन वर्षांची मुलगी दत्तक घेऊन येतं. जोडपं म्हणजे आर्लेन आणि व्हर्ना ऑडलँड, आणि ती मुलगी म्हणजे स्वतः किर्स्टन. डुलुथच्या उत्तरेला पन्नास मैलांवर, त्यांच्याच घरात, अकरा माणसं बावीस दिवस राबत होती.

लिफाफा खरा होता. मुलगी इथे आल्यावर वर्षभराने दत्तक देणाऱ्या संस्थेने तो पाठवला होता. जन्मदात्या आईचं पत्र, मुलगी अठराची झाली की तिला द्यावं, अशी वर सूचना. तो कुणी दिला नाही. डिसेंबरात आर्लेन वारले तेव्हा किर्स्टनला तो त्यांच्या टेबलाच्या खणात सापडला, बंदच. तिने तो उघडला नाही. शेवटचं दृश्य त्याच्यावर बांधलं. तालमींना नकला वापरायच्या आणि खरा एकदाच फोडायचा, असं ठरलं. सोलच्या संस्थेची त्या काळातली कागदपत्रं पुरात गेली होती. आईचं नाव, गाव, जे काही असेल ते या लिफाफ्यातच होतं.

स्वयंपाकघराच्या दारात व्हर्नाबाई लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. "कॉफी गरम आहे," म्हणाल्या आणि आत वळल्या.

संशय आधी ड्वेन कोस्कीवर गेला. सामान, दिवे आणि नकला, सगळं त्याच्याकडे होतं. आर्डिसने त्याला पोर्चमध्ये घेतलं.

"नकला किती केल्यास?"

"पाच. चहात बुडवून, ओव्हनमध्ये वाळवून. पाचही डब्यात आहेत, मोजा हवं तर."

"खरा कुठे असायचा?"

"कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाही, बायको वैतागलीये." मग त्याचा चेहरा उतरला. "आर्डिसबाई, मी गोंधळ घातला असेल, नकलेतला कागद यात गेला असेल, तर सांगून टाका. मला झोप लागणार नाही."

"नकलांमध्ये कोरियन मजकूर आहे ना?"

"पाचही कागदांवर. हानाने लिहून दिला."

"मग कोरा कागद तुझा नाही. जा, काहीतरी खाऊन घे."

हाना दुसरी. कोरियन वाचता येणारी ती एकटी, आणि काल संध्याकाळी तिने लिफाफा मागून घेतला होता. तिने काहीच लपवलं नाही. दहा मिनिटं हातात धरून बसले होते, म्हणाली, वजन कळावं म्हणून. समोर व्हर्नाबाई बटाटे सोलत होत्या.

"त्या काही बोलल्या?"

"म्हणाल्या, उद्या थंडी वाढणारे. पण माझ्या हातांकडे बघत होत्या. लिफाफ्याकडे नाही."

साडेनऊला आर्डिसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोटो मांडले. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ती प्रत्येक वस्तूचा फोटो काढायची. ड्वेन म्हणायचा, बाईंची वही देवाच्या दरबारातही पुरावा म्हणून चालेल. त्यात पहिल्या दिवसाचा एक फोटो होता. नकलेची जाडी ठरवायला ड्वेनने लिफाफा दिव्यासमोर धरला होता. आत तीन घड्यांच्या कागदाची सावली. वरचा डावा कोपरा फाटलेला.

आज निघालेल्या कागदालाही तीन घड्या होत्या आणि वरचा डावा कोपरा फाटलेला होता.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फोटोतल्या सावलीत एकही ओळ नव्हती. शाई असती, तर तेवढ्या उजेडात ती दिसलीच असती. म्हणजे बावीस दिवसांत काहीच बदललं नव्हतं. चोरी सेटवर झालीच नव्हती. लिफाफा त्यांच्या हाती आला तोच असा.

"ड्वेन, छोटा दिवा आण," ती म्हणाली. "टेबलाच्या पातळीवर, बाजूने मार. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दाखवायला मारतोस ना, तसा."

कागद आडव्या उजेडात आला आणि त्यावर ओळी उठल्या. शाई नव्हती, फक्त दाब होता. वहीच्या वरच्या पानावर कुणीतरी पेन जोर देऊन चालवलं होतं आणि खालच्या पानावर त्याचे वळ उरले होते. इंग्रजी मजकूर, तुटक. *मी सही केली नाही. सासूने केली. तिला परत.* मग बरंच काही पुसट. शेवटी: *मी इथेच आहे.* अक्षरं सगळी डावीकडे झुकलेली.

आर्डिसने वड्यांचा रिकामा झालेला ट्रे उलटा केला. गावातल्या सगळ्या बायकांप्रमाणे व्हर्नाबाईही भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून नाव लिहीत. चर्चमध्ये जेवण झाल्यावर भांडं घरी परत यावं म्हणून. पट्टीवरचं नाव डावीकडे झुकलेलं होतं.

ती खुर्चीत मागे टेकली. तिला आनंद झाला नाही. या कामात बरोबर ठरण्याचा आनंद तिला फार वर्षांत झाला नव्हता.

अकराला तिने किर्स्टन आणि व्हर्नाबाईंना स्वयंपाकघरात बसवलं. बाकीच्यांना बाहेर पाठवलं. सांगताना ती वहीत लिहायची तसंच बोलली, सपाट.

लिफाफा उघडला गेला तो १९८८ साली, केटलीच्या वाफेवर. लिफाफ्याच्या झाकणाजवळ तिकिटावरच्या शिक्क्याची शाई पसरली आहे. पहिल्या दिवसाच्या फोटोतही ती पसरलेली दिसते. पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं गेलं, आणि अर्थ ऐकत ऐकत व्हर्नाबाईंनी लिहून घेतलं. वजन तेच राहावं म्हणून वहीतलं पुढचं पान लिफाफ्यात गेलं.

"आई?" किर्स्टन म्हणाली.

व्हर्नाबाई टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करत होत्या. "विद्यापीठात एक कोरियन मुलगा शिकायला होता, त्याची बायको," त्या म्हणाल्या. "ती वाचता वाचता रडायला लागली. मी नाही रडले. मी लिहून घेतलं आणि घरी येऊन चुलीत घातलं."

"काय घातलं?"

"मी लिहिलेलं."

"आणि पत्र?"

व्हर्नाबाईंचा हात टेबलक्लॉथवर पुन्हा फिरू लागला. आर्डिसने वहीची पानं मागे उलटली.

"नवव्या दिवशी," ती म्हणाली, "विमानतळाच्या दृश्यासाठी आर्लेनचं ते तपकिरी कॉर्डरॉयचं जाकीट हवं होतं. सत्त्याऐंशीच्या फोटोत त्यांच्या अंगावर आहे ते. तुम्ही म्हणालात, ते त्यांच्याबरोबर गेलं. पण अंत्यसंस्काराच्या फोटोत त्यांच्या अंगावर निळा सूट आहे. आम्ही तो नट निवडताना पाहिला."

"पेटीत पायांवर घातलं होतं," किर्स्टन हळूच म्हणाली. "मला वाटलं, थंडी वाजू नये म्हणून. आई आहे, काहीही करेल."

"आणि चौदाव्या दिवशी तुम्ही अंत्यविधी करणाऱ्या ट्वाइटना फोन केलात. दुसऱ्यांदा. जमीन जाळ करून सैल करा पण आत्ताच पुरा, म्हणून. इथे कुणी असं करत नाही, व्हर्नाबाई. जमीन गोठलेली असते; डिसेंबरात गेलेले पेटीत, दफनभूमीच्या दगडी कोठीत थांबतात, मेमध्ये खाली जातात. माझे वडील साडेचार महिने थांबले होते. घाई असते ती जिवंत माणसाला."

व्हर्नाबाईंनी मान हलवली. वाद घालायची ताकद त्यांच्यातही उरली नव्हती.

"ते मला जाळवलं नाही," त्या म्हणाल्या. "तीन वेळा चुलीपाशी गेले. शेवटी शिवणाच्या डब्यात, तळाच्या पुठ्ठ्याखाली ठेवलं. तुझ्या बाबांना कायम वाटायचं, लिफाफ्यात पत्र आहे. म्हणायचे, ती मागेल त्या दिवशी देऊ, ते तिचंच आहे. छत्तीस वर्षं त्यांनी कोरा कागद सांभाळला. गेले तेव्हा मी म्हटलं, आता खरं घेऊन जा. जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं."

"मी अठराची झाले तेव्हा?"

"तू विचारलं नाहीस."

"असं काही आहे हे मला माहीतच नव्हतं, आई."

"कुणीच काही विचारत नव्हतं या घरात. बरं चाललं होतं." मग पहिल्यांदाच त्यांनी मुलीकडे सरळ पाहिलं. "तिने तुला परत मागितलं होतं. तू मला आई म्हणायला लागून तीन आठवडे झाले होते. त्याआधी वर्षभर तू दाराकडे बघत बसायचीस. तीन आठवडे, किर्स्टन."

किर्स्टन उठली आणि सिंकपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. ड्वेनने दारातून डोकं आत घातलं, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर घेतलं. पाठमोरीच किर्स्टनने विचारलं, पत्रात पत्ता होता का. व्हर्नाबाई म्हणाल्या, होता. तो तेवढा मी लिहून घेतला नाही.

त्यापुढचं वहीत असं आहे.

शुक्रवार, दुपारी दोन. शवपेटी उघडायची तर विधवेची सही हवी, असं ट्वाइटनी कळवलं. अर्ज त्याच टेबलावर आला. पेन वीस मिनिटं अर्जाशेजारी पडून होतं. किर्स्टनने आग्रह केला नाही, ती खिडकीबाहेरचं बर्फ पाहत राहिली. दोन पंचवीसला व्हर्नाबाईंनी डाव्या हाताने सही केली.

सोमवार, सकाळी दहा. कोठीचं कुलूप गोठलं होतं. ड्वेनने हेअर ड्रायरने सोडवलं. पेटी उघडली. जाकीट पायांवर होतं. आतल्या खिशात चार घड्यांचा पातळ कागद मिळाला. जानेवारीत चार दिवस बर्फ वितळलं, तेव्हा कोठीला ओल आली होती, नंतर सगळं पुन्हा गोठलं. घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. डुलुथच्या संग्रहालयातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, ओढू नका, फ्रिजमध्ये सावकाश सुटू द्या. किर्स्टनने छायाचित्रकाराला घरी पाठवलं. कॅमेरा बंद, अशी नोंद आहे.

मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. कागद फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, व्हर्नाबाईंच्या नावाची पट्टी असलेल्या ट्रेमध्ये आहे. किर्स्टन आणि व्हर्नाबाई टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या आहेत. हाना मध्ये. पहिली घडी सुटली. त्यात जन्मदात्या आईने ठेवलेलं मुलीचं नाव आहे, जे या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. हानाने ते दोनदा वाचलं. व्हर्नाबाईंनी एकदा, चुकत चुकत, म्हणून पाहिलं.

पत्ता आतल्या घडीत आहे. ती अजून सुटलेली नाही.