शेवटच्या आकड्याची थरथर

ज्याच्यावर आपला जीव जडतो त्याला सावलीत घ्यावे, त्याचा ताप आपल्या अंगावर घ्यावा, ही स्नेहाची सहज प्रवृत्ती आहे. तिला निंद्य कोण म्हणेल? परंतु ती सावली धरण्यासाठी असत्याचे छत्र उचलावे लागले, तर ज्याच्यासाठी ते उचलले त्याने काय करावे? छत्राखाली निमूट उभे राहावे, की ते हलकेच बाजूस सारून उन्हात यावे? हा प्रश्न केवळ थोरामोठ्यांच्या आयुष्यातच येतो असे नाही. मेणबत्त्यांच्या एका कारखान्यात, तळहाताएवढ्या मीटरच्या निमित्ताने, तो दोन तरुण जिवांपुढे येऊन उभा राहिला.

ती आपल्या आत्याच्या लहानशा पेढीत काम करीत असे. कारखान्यांतून मोजमापाची उपकरणे बसवून देणे, त्यांची मांडणी करून देणे, हा पेढीचा व्यवसाय. त्या सकाळी ती कारखान्याच्या नियंत्रण-कक्षाचे जड दार ढकलू लागली, आणि नेमके त्याच क्षणी कोणीतरी ते आतून ओढले. ती तोल जाऊन दोन पावले आत आली. अंबाड्यात खोचलेला बारीक स्क्रू ड्रायव्हर खणकन खाली पडला.

समोरच्या तरुणाने तो उचलला, उलटसुलट पाहिला.

“हा... तुमच्या केसांत होता.”

“मग? कुठे असायला हवा होता?”

“नाही, म्हणजे... तिथेच बरा दिसत होता.”

हे त्याने इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हटले की ती थट्टा आहे की तपासणीचा अहवाल, हे तिला कळेना.

कारखान्यात त्याला सारे ‘स्थिरराव’ म्हणत. कारण उघड होते: आनंद असो वा संकट, त्याच्या मुखावरची रेषा हलत नसे. कित्येक वर्षे त्याने गोदामात खोकी उचलली होती. जेवणाच्या सुट्टीत यंत्रांची पुस्तके वाचून, विचारून, चुकून, पुन्हा विचारून तो या कक्षातल्या खुर्चीपर्यंत पोचला होता. वितळलेल्या मेणाच्या मोठ्या टाकीवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. त्या खुर्चीवर त्याचा जीव होता. घरी आईजवळ तो दुसरे काहीच बोलत नसे.

ती मीटरपुढे बसली. काचेपलीकडे टाकी मंद ऊब टाकीत होती आणि साऱ्या खोलीत मेणाचा स्निग्ध गंध भरून राहिला होता.

“हे बघा,” ती बटणे दाबीत म्हणाली, “टाकीतून तारेवर विजेचा सिग्नल येतो. टाकी रिकामी असली की चार मिलिअँपिअर, काठोकाठ भरली की वीस. मीटरला सांगायचं, चार म्हणजे शून्य मिलिमीटर आणि वीस म्हणजे दोन हजार. मधलं सगळं ते हिशेबानं दाखवतं. आकडा अठराशेला टेकला की तुम्ही पंप बंद करायचा.”

“रिकामी टाकी चार बोलते? मग शून्य कोण बोलतं?”

“तुटलेली तार.”

त्याने तारेकडे पाहिले. “म्हणजे रिकामं असणं वेगळं...”

“...आणि तुटलेलं असणं वेगळं. काहीच नसलं तरी ‘मी आहे’ एवढं तरी कळायला हवं ना पलीकडच्याला?”

त्याने मान हलवली. मग मीटरकडे बोट केले. “हा शेवटचा आकडा स्वस्थ का बसत नाही? एक, तीन, दोन, पुन्हा एक...”

“मेण ऊन आहे, वरचा थर हलतो. तो खरं तेच सांगतोय.”

“सांगू दे हो. पण मला दिवसभर याच्याच तोंडाकडे बघायचंय. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं वाटतं.”

ती हसली. मीटरमध्ये फिल्टर नावाची एक सोय असते. तो चढवला की मीटर ताज्या आकड्याबरोबर मागचेही आकडे धरून त्यांची सरासरी दाखवते आणि थरथर निवते. तिने तो एक पायरी चढवला.

“अजून जरा?” तो म्हणाला.

तिने आणखी चढवला.

“अजून...”

शेवटच्या पायरीवर आकडा निवाऱ्यातल्या ज्योतीसारखा निश्चल झाला. आणि स्थिररावांच्या ओठांवर चक्क हसू उमटले. त्या हसण्याच्या प्रकाशात तिला एका गोष्टीचे विस्मरण झाले. आत्याचा दंडक असा होता की मीटर लावले की मापकाठी बुडवून पडताळायचे — टाकी स्तब्ध असताना, भरताना आणि उतरतानाही. तिने स्तब्ध मेणात काठी बुडवली. आकडा तंतोतंत जुळला. भरताना पडताळायचे राहून गेले.

“काठीशिवाय मीटर सोडलं तर आत्या वर्षभर एकटीला कुठे पाठवत नाही,” निघताना ती पिशवी आवरीत कौतुकाने सांगत होती. “फार कडक आहे. बरं, मांडणी बदलायचा कोड तुम्हांला सांगून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगू नका.”

“मला सांगितलात की.”

“तुम्ही दुसरे कुणी आहात का?”

दारापर्यंत तो तिच्या मागोमाग आला.

“बाहेर सगळे तुम्हांला मीटरताई म्हणायला लागलेत. मी म्हणणार नाही.”

“का बरं?”

“...जमणार नाही मला.”

त्यानंतर रोज दुपारी पेढीत फोन येऊ लागला.

“मीटर बरं आहे.”

“हे सांगायला फोन?”

“बिघडलं की सगळेच सांगतात. बरं असल्याचं कुणी सांगत नाही, म्हणून म्हटलं...”

आत्या चष्म्यावरून पाही, आणि काही न बोलता पुन्हा कामात डोके घाली.

मग एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आला तो व्यवस्थापकांचा: परवा टाकी भरून वाहिली, मीटर तपासून जा.

ती पोचली तेव्हा कारखान्याची जमीन शुभ्र झाली होती. सांडलेले मेण गोठून त्याचा जाड थर बसला होता. त्यात एक बादली रुतली होती, एक झाडू आडवा अडकला होता. माणसे गुडघ्यांवर बसून पत्र्यांनी मेण खरवडीत होती.

“मीटरताई, जपून पाय टाका,” मुकादम ओरडला, “नाहीतर तुमचीच मेणबत्ती व्हायची!”

व्यवस्थापक कपाळाला हात लावून उभे होते. “मोठी मागणी होती, म्हणून पहिल्यांदाच दोन्ही पंप एकदम लावले होते. हा समोर बसलेला, आणि टाकी भरून वाहिली! विचारलं तर म्हणतो, लक्ष नव्हतं. मीटरचा दोष नसावा. तरी तुम्ही बघून घ्या. उद्यापासून हा पुन्हा गोदामात.”

तो भिंतीशी उभा होता. त्याने वर पाहिले नाही.

व्यवस्थापक बाहेर गेले. तिने कोड घालून मीटरची मांडणी उघडली... आणि तिचे बोट बटणावरच थांबले. फिल्टर सर्वांत खालच्या पायरीवर होता. तिने तो सर्वांत वर ठेवला होता, हे तिला लख्ख आठवत होते. कोड ठाऊक असलेले माणूस दुसरे एकच होते.

मेण वेगाने चढत गेले, आणि मागच्या आकड्यांची सरासरी धरून बसलेले मीटर मागे राहिले. आकडा अठराशेला टेकण्याआधीच टाकी काठावरून वाहिली. हे त्याला कळले होते. कळल्यावर त्याने फिल्टर गुपचूप उतरवला होता, आणि दोष स्वतःच्या नावावर घेतला होता. आता मीटर निर्दोष होते. तिने केवळ गप्प राहायचे होते.

“हे तुम्ही केलंत,” ती म्हणाली.

“काय?”

“फिल्टर उतरवलात.”

“...असेल.”

“का?”

“‘अजून जरा, अजून जरा’ म्हणणारा कोण होता?”

“म्हणणारे तुम्ही. बटण दाबणारी मी. आणि काठी न बुडवणारीही मीच!”

“आत्या तुम्हांला वर्षभर एकटीला पाठवणार नाहीत. तुम्हीच म्हणाला होता.”

“आणि तुमची खुर्ची?”

“खोकी माझ्या ओळखीची आहेत. ती काही मला नवी नाहीत.”

तिचे डोळे भरून आले, पण आवाज करडा झाला. “मला वाचवलंत असं वाटतं तुम्हांला? माझी चूक मलाच कळू दिली नसती, तर उद्या दुसऱ्या टाकीवर मी असाच फिल्टर चढवला असता. तिथे मेण नसेल, तेजाब असेल! आणि तुम्हांला लोक झोपाळू म्हणणार, ते मी ऐकत बसू?”

“एवढं लागेल तुम्हांला?”

ती दुसरीकडे पाहू लागली. “...लागतंय.”

मग तिने डोळे पुसले, दार उघडले आणि व्यवस्थापकांना हाक मारली. फिल्टर पुन्हा शेवटच्या पायरीवर चढवला, टाकी बरीच उतरवून घेतली, दोन्ही पंप सुरू करायला सांगितले आणि स्वतः मापकाठी घेऊन टाकीच्या शिडीवर चढली. सारी माणसे हातातले पत्रे टाकून बघत उभी राहिली.

“काठी नऊशे!” ती वरून ओरडली. “मीटर?”

“साडेसहाशे,” आतून त्याचा आवाज आला.

“काठी हजार! मीटर?”

“...साडेसातशे.”

पंप थांबवले. मेण जागच्या जागी थांबले; आकडा मात्र सावकाश चढतच राहिला आणि बऱ्याच वेळाने काठीशी येऊन टेकला.

“वरातीमागून घोडं!” व्यवस्थापक उद्गारले.

ती शिडी उतरली. “ही मांडणी माझी, साहेब. भरताना पडताळणी करायची ती मी केली नाही. यांचं लक्ष आकड्यावरच होतं. आकडाच मागे होता.”

व्यवस्थापक त्याच्याकडे वळले. “आणि तू रे? लक्ष नव्हतं म्हणून कबूल करायला तुला काय झालं होतं?”

त्याच्या मानेपासून कानांच्या पाळ्यांपर्यंत एक लाली चढत गेली. ती सर्वांनी पाहिली.

“साहेब, बघा, बघा!” मुकादम म्हणाला. “स्थिररावांचा आकडा हलला!”

साऱ्या कारखान्यात हशा पिकला. व्यवस्थापकांनी हसू मिशीत दाबले. “खुर्ची तुझीच राहील. पण माझ्यापुढे खोटं बोललास, म्हणून उरलेलं सगळं मेण तूच खरवडायचं.”

“मीही खरवडते,” ती म्हणाली. कोणी तिला विचारलेही नव्हते.

आधी तिने आत्याला फोन लावला आणि घडले ते सारे सांगितले.

“अगं, भरताना काठी बुडवली नाहीस? कुठे होतं लक्ष?”

“...समोर.”

“समोर तर मीटर होतं ना?”

“मीटरच्या शेजारी, आत्या.”

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला.

“नियम तो नियम. वर्षभर एकटीनं जायचं नाही, सोबत कुणीतरी हवं. त्या शेजारच्यालाच विचार, सुट्टीच्या दिवशी काठी धरशील का म्हणून. रोज दुपारी फोन करायला वेळ असतो त्याला!”

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती दोघे जमिनीवर बसून मेण खरवडीत होती. इतर माणसे काही ना काही निमित्त काढून दूर गेली होती. पांढऱ्या पापुद्र्यांचे दोन ढीग दोन बाजूंनी वाढत एकमेकांकडे सरकत होते.

“इतके दिवस फोन नाही,” ती खाली पाहत म्हणाली. “मला वाटलं, तार तुटली.”

“तुटली नव्हती,” तो म्हणाला. “चारवर होती. बोललो असतो तर सगळंच बोललो असतो, म्हणून...”

“मग आता बोला.”

त्याने पत्रा खाली ठेवला. हाताला मेण लागले होते. ते काढण्यात त्याने विनाकारण वेळ घालवला.

“तुम्ही आलात त्या दिवसापासून मला आकडे वाचता येत नाहीत. वाचतो, पण... तुमच्याच आवाजात ऐकू येतात. मला तुम्ही आवडता. फार. हे सांगायला मीही मागेच राहिलो.”

ती हसली, डोळ्यांतले पाणी तिने पुसले नाही. “आत्या विचारतेय, काठी धरता येईल का म्हणून.”

“एका टाकीपुरती?”

“टाक्या पुष्कळ आहेत हो जगात.”

“मग जन्म जाईल.”

“...जाईल,” ती म्हणाली, आणि तिचा मेणाने माखलेला हात त्याच्या हातावर आला.

निघण्यापूर्वी तिने मीटरचा फिल्टर पुन्हा खाली आणला. टाकी भरताना त्याने काठी धरली, उतरतानाही धरली. दोन्ही वेळा आकडा जुळला. शेवटचा अंक मात्र पुन्हा चुळबुळू लागला — एक, तीन, दोन...

“चालेल ना?” तिने विचारले. “डोळ्यांत कुसळ जाईल.”

“राहू दे,” तो म्हणाला. त्याने काठी पुसून भिंतीशी ठेवली. “आता एकट्यानं नाही बघायचं.”

एकमेकांसाठी ज्यांनी दोष पत्करला आणि एकमेकांसाठीच जे सत्याच्या उन्हात उभे राहिले, त्या दोघांचे कल्याण असो. त्यांच्या घरातला उजेड स्निग्ध राहो, त्यांच्या रुसव्यांतही तार अखंड राहो. आणि एकाच्या मनात काही भरून आले, तर ते दुसऱ्याला कळण्यास कधीही विलंब न होवो.