खटका

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जिच्यावर गुदरली तिनेच ती लिहून ठेवली. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत. तो कागद आजही तिच्या थोरल्या बहिणीकडे आहे.

भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं? तो मंगळवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

आजूबाजूचे लोक तिला वहीवाली म्हणायचे. जुन्या पर्स, पट्टे, हातमोजे असलं काहीबाही उसवून ती हाताने शिवलेल्या सुंदर डायऱ्या बनवायची. हातात कला होती. मनात मात्र... असो.

तिच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या. पक्षाघाताने वाचा गेली होती, उजवा हातही गेला होता. डाव्या हाताशी त्यांची जुनी काळी पर्स असायची. तिला पितळी खटका. एकदा वाजवला की पाणी हवं. दोनदा वाजवला की मुलाला बोलवा.

मुलगा घरात असला की वहीवाली धावत जायची. "आले हं, आई!"

तो कामावर गेला की...

पर्स कपाटावर.

"जरा शांत पडा. मला काम आहे."

पाण्याचा पेला भरून टेबलावर ठेवलेला असायचा. दिसेल इतका जवळ, हात पोचणार नाही इतका लांब. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं की हिचं उत्तर तयार, "पाणीच घेत नाहीत हो!"

एका उकाड्याच्या दुपारी म्हातारी गेली. सुंठीवाचून खोकला गेला, असं वहीवालीला वाटलं. डोळ्यांना रुमाल मात्र तिने चांगला तासभर लावला.

आता एकच धास्ती होती. नवऱ्याला कळलं तर? त्याचा आईवर फार जीव होता.

महिन्याभराने तोच म्हणाला, "आईच्या पर्सची मला एक डायरी करून दे. खटका तेवढा तसाच ठेव."

ती पर्स तिला नजरेसमोरही नको होती. पण नाही कशी म्हणणार?

त्या मंगळवारी तिने पर्स उसवली. चामडं पुठ्ठ्यावर चढवलं, पानं शिवली, कडेला खटका बसवून बंद केला. डायरी दोन फळ्यांमध्ये ठेवून वर चार विटा रचल्या. खळ सुकेपर्यंत वजन हलवायचं नाही, हा तिचा नियम.

ती हात धुवायला वळली.

टक...

चोराच्या मनात चांदणं! तिने लक्ष दिलं नाही.

टक...

विटा जागच्या जागी होत्या. एवढ्या वजनाखाली खटका उघडेल कसा?

तिच्या तोंडचं पाणी पळालं. नुसतं म्हणायला नाही, खरोखरच. जीभ टाळूला चिकटली. तिने पेला तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून खाली सांडलं, घशाखाली थेंब उतरेना.

ती ओरडायला गेली...

आवाज नाही.

उजवा हात लोंबकळत होता.

डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. चाळिशीतसुद्धा होतो कधीकधी.

नवऱ्याने तिला आईच्याच पलंगावर ठेवलं. डाव्या हाताशी ती डायरी दिली. "एकदा वाजवलंस की पाणी, दोनदा वाजवलंस की मी. तुला तर माहीतच आहे."

आठ दिवस त्याने जिवापाड सेवा केली. नवव्या दिवशी दुपारी तिला तहान लागली.

टक.

तो आला. त्याने पेला भरला आणि टेबलावर ठेवला. दिसेल इतका जवळ, हात पोचणार नाही इतका लांब.

मग डायरी तिच्या बोटांतून सोडवून कपाटावर ठेवली.

"जरा शांत पड. मला काम आहे."

ती गारठली. हे वाक्य त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा घरात त्या दोघीच असायच्या.

तो दाराशी पोचला आणि कपाटावरून...

टक... टक...

दोनदा.

त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"आलो हं, आई!"

कागद इथे संपतो. थोरल्या बहिणीला तो उशीच्या अभ्र्यात सापडला, वहीवालीची तिरडी उठली त्या दिवशी. टेबलावर पेला भरलेला होता.

"पाणीच घेत नव्हती हो, ताई," नवरा डोळे पुसत म्हणाला. "ही तिच्या हातची शेवटची डायरी. तुम्हीच ठेवा."

तेव्हा बहिणीने कागद वाचलेला नव्हता, म्हणून तिने ती घेतली. आता ती टाकायचा धीर होत नाही. दुपारी तीनला डायरी वाजते.

एकदाच. म्हणजे पाणी.

बहीण पेला भरून शेजारी ठेवते. फक्त दोघींपैकी कुणाला हवंय, ते तिला अजून कळलेलं नाही.