पाचव्या पेटीतला हात

जत्रेच्या आधीच्या सोमवारी दुपारी मी चर्चच्या तळघरात उतरले ती द्राक्षांसाठी. सोललेली द्राक्षं म्हणजे भुताचे डोळे. ती शनिवारपर्यंत टिकवायची तर फ्रिजमध्ये जागा हवी, आणि आमच्या चर्चच्या फ्रिजमध्ये कायम कुणाच्या तरी अंत्यविधीच्या जेवणातलं उरलंसुरलं ठेवलेलं असतं. जागा आहे की नाही ते बघायचं आणि घरी जायचं, एवढंच काम होतं.

आमचं गाव मिनेसोटात, मक्याच्या शेतांच्या मधोमध. हॅलोवीनची जत्रा शाळा, चर्च आणि धान्यकोठाराच्या ऑफिसातली मंडळी मिळून भरवतात, पण तळघर आमचं, त्यामुळे डोकेदुखीही आमचीच. मी चर्चची सचिव. बैठकांची टिपणं मी लिहिते, आणि कोण केक आणणार, कोण भोपळे आणणार, कोण नुसतंच ‘आणते’ म्हणणार याची यादी माझ्याकडे असते. समितीची प्रमुख मर्ना. तिने त्या वर्षी ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं की रविवारच्या शाळेची खोली काळ्या कागदाने बंद करायची आणि आत चाचपायच्या आठ पेट्या मांडायच्या. पेटीला समोर एक गोल भोक, भोकाला आतून काळं कापड. मुलाने हात घालायचा, आत काय आहे ते चाचपून ओळखायचं आणि किंचाळत बाहेर पळायचं. द्राक्षं म्हणजे डोळे, थंड शेवया म्हणजे आतडी, सुकवलेले जर्दाळू म्हणजे कान.

पेट्या करायला मर्नाने ऑर्विनना सांगितलं. ऑर्विन स्कार, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर शेती केलेला माणूस, सुतारकामात हात उत्तम. त्यांची बायको बर्निस फेब्रुवारीत गेली होती. मर्नाचं म्हणणं असं की माणसाला काहीतरी काम द्या, नाहीतर घरात बसून गंज चढेल. त्यांची मुलगी जोलीन मिनियापोलिसला असते. तिने त्यांना आपल्याकडे राहायला बोलावलं होतं आणि जत्रा झाली की येतो असं त्यांनी कबूल केलं होतं. घर विकायलाही काढलं होतं.

तर त्या सोमवारी ऑर्विन खोलीत होते. पेट्या तयार होऊन लांब टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. कोऱ्या पाइनच्या लाकडाचा वास सुटला होता, त्यात फरशीच्या मेणाचा आणि शिळ्या कॉफीचा. ऑर्विन एकेका पेटीत हात घालून आतून फिरवत होते. मुलांचे हात जाणार, लाकडाचं कुसळ लागायला नको. पाचव्या पेटीपाशी ते थांबले आणि थांबूनच राहिले. मी विचारलं, कुसळ लागलं का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. फोनवर पलीकडचं बोलणं ऐकताना माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते.

“आर्लिस,” ते हळूच म्हणाले, “आत हात आहे.”

मला वाटलं, मर्नाने रबरी हातमोजा आधीच ठेवला असेल. बर्फ भरलेला हातमोजा म्हणजे मढ्याचा हात, तो यादीत होता. मी टेबलाला वळसा घालून पेटीचं मागचं झाकण उघडलं. आत ऑर्विनचा हात होता. दुसरं काही नव्हतं. त्यांची बोटं अर्धवट मिटलेली होती, हवेतच, आणि हाताच्या पाठीवरची कातडी पाच ठिकाणी दबलेली होती. मी बघत असताना ती आणखी थोडी दबली.

“बर्निस आहे,” ते म्हणाले.

मी झाकण लावलं. मग त्यांनी हात बाहेर काढला, विजारीला पुसला आणि सहावी पेटी तपासायला घेतली. मी फ्रिजमध्ये जागा केली आणि घरी गेले. टिपणात मी यातलं काही लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

मंगळवारी सकाळी, चर्चमध्ये कुणी नसताना, मी त्या पेटीत स्वतःचा हात घातला. कोपरापर्यंत. चारही बाजू चाचपल्या. लाकूड होतं, दीड फूट खोल, कोपऱ्यात थोडा भुसा. बस्स.

ऑर्विन मात्र रोज दुपारी येऊ लागले. पेट्यांना काळा रंग द्यायचाय, कड्या लावायच्यात, असं काहीतरी सांगत. मी वरून ऑफिसातून खाली आले की ते खुर्ची ओढून पाचव्या पेटीसमोर बसलेले असत, उजवा हात आत, डाव्या हातात कॉफीचा कप. बाहेर शेतात मक्याची कापणी चाललेली, यंत्राची घरघर तळघरापर्यंत येई. कधी ते काही बोलत असत, अगदी खालच्या आवाजात, आणि माझी चाहूल लागली की गप्प होत. खरं सांगायचं तर मला ते बघून बरं वाटायचं. फेब्रुवारीपासून त्या माणसाच्या चेहऱ्यावर जरा रंग दिसत होता.

बुधवारी मर्नाने पाचव्या पेटीत शेवया घालायचं ठरवलं तेव्हा त्यांनी ती दिली नाही. सहावीत घाल म्हणाले. मर्ना मला जिन्यात म्हणाली की पेटी केली आहे का पोटची पोर आहे, सासरी धाडायला जीव होईना झालाय. मी हसले.

गुरुवारी मी त्यांच्यासाठी कॉफी घेऊन गेले आणि शेजारी बसले. त्यांनी हात काढला नाही. बर्निसच्या उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक नव्हतं. लहानपणी कपडे पिळायच्या यंत्रात गेलं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती ऑर्गन वाजवायची तेव्हा मुलं मुद्दाम त्या बोटाकडे बघत बसायची. मी सहज म्हटलं की ते बोट त्यांना लगेच लागलं असेल, त्यावरूनच ओळखलं असेल.

ऑर्विननी डाव्या हातातला कप टेबलावर ठेवला.

“या हाताची बोटं धड आहेत,” मग ते म्हणाले. “सगळी.”

“म्हणजे...”

“सोमवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. मंगळवारी मोजून पाहिली. तिचा नाही हा.”

“मग कोणाचा?”

“माहीत नाही.”

मी विचारलं, मग रोज येता कशाला? ते माझ्याकडे वळले. आमच्याकडची म्हातारी माणसं असलं काही बोलत नाहीत, त्यामुळे तो शब्द न् शब्द माझ्या लक्षात राहिला आहे.

“आठ महिने झाले,” ते म्हणाले, “माझा हात कुणी धरला नव्हता.”

कॉफी गार झाली. उठताना मी एवढंच म्हटलं की शनिवारी इथे शंभर-सव्वाशे मुलं येणार आहेत. ते म्हणाले, मला माहीत आहे, त्याचाच विचार करतोय.

शनिवारी दार चार वाजता उघडायचं होतं. तीनच्या सुमारास सगळं तळघर गजबजलेलं होतं. स्वयंपाकघरात खिम्याचं पातेलं रटरटत होतं, फरशीवर केकच्या खेळासाठी (गाणं थांबेल तेव्हा ठरल्या आकड्यावर उभा असेल त्याला केक) आकडे चिकटवणं चाललं होतं, कुणीतरी भोपळ्यांवर कड्या फेकून अंतर मोजत होतं. मी द्राक्षांची परात घेऊन काळ्या खोलीत गेले आणि पायाने दार लोटलं. बाहेरचा आवाज एकदम बंद झाला. दाराने एवढा आवाज अडायला नको होता. आत एक लहान लाल दिवा लावलेला होता. आणि वास येत होता... पाइनचा नव्हे. हिवाळ्यात बटाटे ठेवायचं भुयार असतं, ते वसंतात पहिल्यांदा उघडल्यावर येतो तसा.

ऑर्विन पाचव्या पेटीसमोर गुडघ्यांवर होते. त्यांचा गाल पेटीच्या फळीला टेकला होता आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत गेला होता.

पेटी दीड फूट खोल होती. मी तिच्यात हात घालून पाहिला होता. ऑर्विन उंच माणूस, हात लांब. पेटीचं मागचं झाकण बंद होतं आणि झाकणामागे टेबल रिकामं होतं.

मी परात खाली ठेवली आणि त्यांच्या दुसऱ्या खांद्याला धरून ओढलं. ते जरासुद्धा हलले नाहीत.

“ओढू नकोस,” ते म्हणाले. आवाज शांत होता, पण कपाळावर घाम होता. “ओढलं की घट्ट धरतो. घाबरलाय तो.”

“ऑर्विन... तो काय करतोय?”

“मला आत घेतोय.”

मागचं झाकण उघडून बघावं असं माझ्या मनात आलं. मर्नाने पुढे विचारलंही, उघडलं का नाहीस म्हणून. नाही उघडलं. त्यांचा हात आत कुठवर गेलाय ते मला बघायचं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं की तासाभरात पोरं येतील, कुणी चार वर्षांचं, कुणी पाच, आणि त्यांचे हात यात जातील. जोलीन दुपारीच मिनियापोलिसहून निघाली आहे, ती तुम्हाला न्यायला येते आहे. हे मी दोन-तीनदा सांगितलं. दुसरं काही मला येत नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. मग ते पेटीशी बोलू लागले. अडलेल्या गाईशी बोलावं तसं, एकसुरी, हळू.

“जातो आता मी,” ते म्हणाले. “जाऊ दे मला. मुलं येणार आहेत. त्यांना काही करायचं नाही. सोड... सोड, राजा.”

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग खांदा थोडा बाहेर आला. मग दंड, कोपर. सदऱ्याची बाही ओली नव्हती, पण हात लावला तर ती बर्फासारखी होती. शेवटी पंजा बाहेर आला. मनगटावर वळ उठले होते, एकाशेजारी एक, पाच. पाचही लांब बोटांचे, अंगठ्याचा त्यात धरलेला नाही.

ऑर्विन वळांकडे बघत होते. मग ते उठले, पेटी डाव्या काखेत मारली आणि मागच्या दाराने बाहेर गेले. कुऱ्हाडीचे सहा-सात घाव मला ऐकू आले. मी बाहेर गेले तोवर चर्चमागच्या पिंपात फळ्या जळत होत्या. ते ज्वाळांकडे पाठ करून उभे होते, उजवा हात कोटाच्या खिशात घालून.

जत्रा छान झाली. सात पेट्यांचं कुणाला काही वाटलं नाही, मोजतो कोण? ऑर्विननी दाराशी उभं राहून सगळ्या मुलांना गोळ्या वाटल्या, डाव्या हाताने. जोलीन साडेसहाला आली. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं सामान गेलं. निघताना ते चर्चमध्ये आले आणि म्हणाले की मी त्यांना वाचवलं. मग थोडं थांबून म्हणाले की त्याला मात्र आपण फसवलं, नाही का?

जानेवारीत जोलीनचा फोन आला. बर्निसची ऑर्गनची पुस्तकं चर्चला द्यायची होती, त्याबद्दल. बाबा मजेत आहेत म्हणाली, जेवतात नीट, शेजारच्यांबरोबर पत्ते खेळतात. त्यांना तळमजल्यावरची खोली दिली आहे. एकच विचित्र गोष्ट झाली म्हणाली. नाताळनंतर त्यांनी पलंगाशेजारच्या भिंतीला एक गोल भोक पाडलं. कोपराच्या उंचीला, कडा अगदी पॉलिश पेपरने घासलेल्या. तिने विचारलं तर मान खाली घातली. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून तिने त्यावर ठिगळ मारलं आणि रंग दिला.

“आणि आज सकाळी दुसरं,” ती म्हणाली. “त्याच भिंतीला, पण खाली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. बाबा शपथेवर सांगतात की हे त्यांनी पाडलेलं नाही. मला त्यांचं खरं वाटतं, आर्लिस. हे घासलेलं वगैरे नाहीये. आणि कडा सगळ्या इकडे वळल्यात, खोलीकडे. आतून ढकलल्यासारख्या.”

मी विचारलं, ऑर्विन कुठे आहेत? डॉक्टरकडे, नवरा घेऊन गेलाय, ती म्हणाली. मग मी तिच्या लिनियाबद्दल विचारलं. लिनिया तिची मुलगी, चार वर्षांची.

“आहे की. बाबांच्या खोलीत खेळतेय,” जोलीन म्हणाली. “मघापासून कुणाशी तरी बोलतेय एकटीच... का?”