बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं

पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरचा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरला, की मी कुणाचं ऐकत नाही. त्या दिवशीही एका स्टॉलवरच्या डब्यात हात घालून मी हवा तो बोल्ट पकडला... आणि त्याच बोल्टवर आणखी दोन बोटं आली. ग्रीसनं माखलेली, पण छान लांबसडक.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा. मी आधी पाहिला."

"पाहून काय होतं? धरला मी."

तो हसला. क्लेटन त्याचं नाव. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. ती मला आवडून चालणार नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशीच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत त्याचीही गाडी होती — माझ्यासारखीच, सहासष्ट सालची.

या स्पर्धेत बोल्टसुद्धा कारखान्यात बसवला होता तसाच लागतो. माझ्या इंजिनात एकच चुकीचा उरला होता. पहिलं बक्षीस मला आईसाठी हवं होतं. गाडी तिची, तिच्या तरुणपणातली.

"ज्याच्या इंजिनाशी जुळेल त्याचा," मी ठणकावलं. "उघडा बॉनेट."

त्यानं जवळच उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. सगळे बोल्ट लखलखीत, आणि डोक्यावरची बनवणाऱ्याची अक्षरं पार घासलेली.

"हे काय करून ठेवलंत?"

"घासून मुलामा दिला... चांगले दिसावेत म्हणून."

"चेहरा पुसून पावडर लावलीत."

मी हातातल्या बोल्टवरचं ग्रीस पुसून अक्षरं वाचली, मग त्याच्या इंजिनाच्या लोखंडावर ओततानाच उठवलेली तारीख वाचली. मार्च. माझं इंजिन जूनचं. तोवर बोल्ट दुसऱ्या कारखान्यातून, वेगळ्या अक्षरांचे येऊ लागले होते. मला रडूच येणार होतं.

"तुमचाच आहे. घ्या."

"एकटा घेऊन काय करू? बाकीच्यांना टक्कल पडलंय." त्यानं बोल्ट खिशात टाकला. "चला, तुमचा शोधू."

"उद्या मी जिंकले तर?"

"मी टाळ्या वाजवीन... थोड्याशा."

भुरभुर पावसात आम्ही स्टॉलमागून स्टॉल पालथे घातले. एकाच कागदातले गरम डोनट खाल्ले. डब्यात डोकं घालताना कपाळं आपटली आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. बोल्ट मात्र मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक नेमका त्याच बोल्टपाशी थांबला. गुण कापला, पहिलं बक्षीस दुसऱ्याला गेलं.

"बोल्टवरून?" आई म्हणाली. "मी तर हिचं बॉनेट कधी उघडलंच नाही. चावी आण इकडे." आणि ती गाडी घेऊन मैदानाला चक्कर मारायला निघूनही गेली.

मी बघत राहिले. शेजारी क्लेटन आला.

"वाईट वाटलं?"

"खूप. तुला किती गुण पडले?"

"विचारू नकोस." तो चुळबुळला. "मार्लिस, मला वर्षभरात सगळे बोल्ट शोधायचेत. एकट्याला... म्हणजे, तू दर शनिवारी..."

"बोल्टसाठी बोलावतोयस?"

त्याचे कान लाल झाले. "नाही," तो म्हणाला. "बोल्ट नाही मिळाले तरी चालेल."

"मग तसं बोल ना," मी म्हणाले आणि त्याचा ग्रीसनं माखलेला हात धरला. "मलाही कालपासून तू आवडतोस."