जेवणाच्या टेबलावरची माणसं

पप्पा कामाला जायचे ते लूमखातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, मंदीत बंद पडलं, तेव्हापासून आई कागदी पिशव्या करते. एका संध्याकाळी मी नेहमीसारखी सुपडूकाकांच्या दुकानातून रद्दी आणायला गेले. या वेळी त्यांनी परदेशातून आलेला गठ्ठा दिला. जुनी अमेरिकन मासिकं होती, एकावर १९३२ छापलेलं. महामंदीचा धडा आम्हाला शाळेत झाला होता. तिकडे तेव्हा माणसं पावासाठी रांगेत उभी राहायची. मासिकात मात्र पानापानावर जाहिराती, आणि भरलेल्या टेबलाभोवती हसणारी कुटुंबं. गाल रंगवलेले होते, पण आत ओढलेले. कोणाच्याच चमच्यात काही नव्हतं.

"चित्रे काय देखी ऱ्हायनी? घडी घाल," आई म्हणाली.

कोसाडच्या आमच्या खोलीत खळीचा आंबूस वास भरला. फरशीला ओल येते म्हणून आईने काही पानं माझ्या तान्ह्या बहिणीच्या, निशाच्या गोधडीखाली अंथरली.

काही दिवसांनी उषाबाई आल्या. त्या नाक्यावर भाजक्या शेंगा विकतात. आमच्या पिशव्या त्याच घेतात, त्यावरच आमची चूल पेटते. बसल्या, पण पाणी घेतलं नाही. सकाळी भरून ठेवलेली एक पिशवी त्यांनी उघडली, एक शेंग काढून माझ्या कानाशी हलवली.

"ऐक..."

काही वाजलं नाही. त्यांनी शेंग फोडली. टरफल अख्खं होतं, आत दाणा नव्हता. सगळ्या शेंगा तशाच निघाल्या. त्यांच्या टोपलीतल्या सुट्या शेंगा मात्र भरलेल्या होत्या.

"आते मन्ह्या पिशव्या शेंगा खातस का?" आई हसून म्हणाली.

उषाबाई हसल्या नाहीत. "गिऱ्हाईक रोज पोकळ शेंगा घेऊन परत येतं, वहिनी. काय सांगू त्याला... मला या पिशव्या नकोत आता."

त्या गेल्यावर मी ती पिशवी उजेडात धरली. तेच टेबल, तीच माणसं. पण आता सगळ्यांचे गाल भरलेले होते.

तेव्हा मला निशाची गोधडी आठवली.

ती झोपली होती. मी हळूच पानं ओढून काढली. चित्रातल्या सगळ्यात लहान मुलाची हनुवटी ओली चकाकत होती. मी सगळं चुलीत घातलं. धुराला तापलेल्या दुधाचा वास आला.

दिवेलागणीला निशा रोज भुकेने रडायची. त्या दिवशी रडली नाही. जागी होऊन हसत होती, गाल लालबुंद, दंड गोल. आईने कौतुकाने तिला उचललं आणि थबकली. मग तिला एकाच हातावर घेतलं, रिकामी पिशवी धरावी तसं.

"नूतन..." ती अगदी हळू म्हणाली, "हिले धर बरं."

त्यानंतर निशा कधी रडली नाही. दूधही मागत नाही. सारखी हसते.

आई तिला माझ्याकडे देते, तेव्हा मी तिला छातीशी घट्ट धरून बसते. हलवत नाही.