पावणं, लाईट बारीक करा

लोडशेडिंग आहे, लाईट काही लवकर येत नाही. बस. कंदील तेवढा उचलून खाली ठेव, कॉटच्या मागं. पोराच्या तोंडावर उजेड नको. का नको, तेच सांगतो.

मोनाताईला बाळंतपणाला आणायचं होतं. एवढंच काम. मोनाताई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची, हंबीरराव आबांची एकुलती एक पोरगी. तिचं सासर आजऱ्याच्या पुढं, आंबोलीच्या रस्त्याला. घरचा काजूचा कारखाना. तिला सातवा लागलेला. आठव्यात पोरीला हलवत नाहीत, म्हणून पाऊस असो नाहीतर पूर, ह्याच महिन्यात आणायची, असं तिच्या आईनं, शालूकाकूनं ठरवलं. गणपतीला दुकानात लागणारे काजूचे डबेही त्याच फेरीत येणार होते. आबांचं डोकं तसंच चालतं. लेक आणि माल एकाच डिझेलात.

मी तेव्हा इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून राजारामपुरीतल्या आबांच्या दुकानात पुड्या बांधत होतो. 'हे आमचं वाट चुकलेलं पोरगं,' अशी ते गिऱ्हाइकाला माझी ओळख करून द्यायचे. स्वतःला वाट सापडलीय याबद्दल आमच्या घरातल्या कुठल्याच म्हाताऱ्याला कधी शंका आली नाही.

आबांची ट्रॅक्स जीप होती. पुढं लोखंडी रॉड, रॉडवर चार हॅलोजन, खाली लिंबू-मिरची आणि काळी बाहुली. समोरून येणारा बिचारा डिपर मारून मारून थकायचा. डिपर मारायचा म्हणजे हात जोडायचे, भावा, दिसत नाही, लाईट बारीक कर. आबा अप्पर उतरवायचे नाहीत. "बारीक व्हायाचं ते त्यानं. आपुन कशाला?"

दुकानाजवळच्या चहाच्या गाड्यावर त्यांची मंडळी बसायची. सगळे पन्नाशी ओलांडलेले, सगळ्यांच्या कपाळाला अष्टगंध. कुणी साळिंदर उडवलं, कुणाच्या चाकाखाली ससा गावला आणि त्याचं कालवण कसं झालं, कुणी भेकराला हॅलोजनात धरून हॉर्न दाबत रस्ताभर पळवलं, हे एकमेकाला टाळ्या देऊन सांगायचे. पिराजी नावाचा त्यांचा एक दोस्त होता, ट्रक चालवायचा. तो म्हणायचा, "जनावराला ब्रेक मारायचा न्हाय. सवय लागती त्याला." मग सगळे फिदीफिदी. हीच माणसं मांजर आडवं गेलं की गाडी बाजूला घेतात आणि आधी दुसऱ्याला पुढं जाऊ देतात. तेच मांजर चाकाखाली आलं तर काच खाली करून बघतसुद्धा नाहीत.

त्या दिवशी मोनाताईच्या सासरी दुपारी जेवून आम्ही परत निघालो. आबा गाडीवर, शेजारी मी, मधल्या सीटवर पाठीला उशी लावून मोनाताई, मागं डबे. त्या रस्त्याला पावसाळ्यात कसलं धुकं असतं ते तुला ठाऊक नाही. दिवस असतो, पण कुणीतरी ओलं धोतर तोंडावर टाकल्यासारखा. झाडं दिसत नाहीत, त्यांचं ठिबकणं तेवढं ऐकू येतं. कुजलेल्या पाल्याचा वास काचा लावल्या तरी आत येतो. मागं डबे एकमेकांवर वाजत होते, टण्... टण्...

आबांनी चारही हॅलोजन लावले आणि पुढं पांढरी भिंत उभी राहिली.

मी म्हटलं, "आबा, धुक्यात अप्पर लावला की आपल्यालाच दिसत न्हाय. उतरवा की."

"तू शिकवणार व्हय मला? तुझी परीक्षा तरी पास हो आधी."

"आबा, हळू घ्या हो जरा," मोनाताई मागून म्हणाली. तिचा एक हात पोटावर, एक माझ्या सीटवर.

वळण संपलं आणि रस्ता काळा झाला. आधी तेवढंच कळलं, की पांढऱ्यात काहीतरी काळं, उंच, सावकाश चाललंय. गवी होती, गव्याची मादी. तिनं आमच्याकडं मान वळवली, डोळ्यांत एकदा हिरवट चमकलं, आणि ती पलीकडच्या झाडीत उतरली. आबांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

तिच्या मागून पिल्लू आलं. बदामी रंगाचं, पायांवर अजून नीट उभंही राहता येत नव्हतं त्याला. उजेडात आलं आणि थांबलं. पळालं नाही, मागं फिरलं नाही. त्या चार दिव्यांकडं बघत खिळ्यानं ठोकल्यासारखं उभं राहिलं.

"आबा, लाईट घालवा! त्याला दिसंना झालंय!"

"सरतंय रं. हॉर्न दिला की सरतंय."

"आबा!" मोनाताई ओरडली.

"सर की ए! सर बाजूला!"

ब्रेक त्यांनी मारला, पण उशिरा. मोठा आवाज झाला नाही. ओलं पोतं ओट्यावरून ढकलावं, तेवढाच. मग गाडी बंद पडली आणि डबे वाजायचे थांबले.

आबा खाली उतरले. पहिल्यांदा त्यांनी रॉड बघितला. "वाकला तिच्यायला," म्हणाले. बाहुली तुटली होती, ती उचलून त्यांनी खिशात घातली. पिल्लाकडं त्यांनी बघितलंच नाही. ते उजेडाच्या कडेला पडलं होतं, पोट वरखाली होत होतं, आणि थोड्या वेळानं तेही राहिलं.

आबा येऊन बसले, चावी फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं.

तेवढ्यात समोरून, उजेडाच्या पलीकडून, कुणीतरी बोललं. बाईमाणसाचा आवाज, म्हातारा, जड, आणि अजिबात न रागावलेला.

"पावणं... लाईट बारीक करा."

आबांनी काच खाली घेतली. "कोण हाय? म्होरं या की."

"उजेडात न्हाय येत."

"जनावर आडवं आलं बाई. माझी काय चूक? वाट सोडायला काय झालं हुतं त्याला?"

ठिबक... ठिबक... मग ती म्हणाली, "डोळ्यांत उजेड घातल्यावर वाट कुठं दिसती, पावणं?"

आबांनी दिवे घालवले नाहीत. शेवटी मीच हात घालून बटण ओढलं. आबांनी माझ्या मनगटावर फटका मारला, पण तोवर काळोख नव्हे, ते राखेसारखं धुकं आत आलं होतं. आणि त्याबरोबर वास. चुरगळलेल्या गवताचा, आणि गोठ्यात धार काढताना येतो ना, तो कोमट दुधाचा.

माझ्या बाजूला नव्हती, आबांच्या बाजूला नव्हती. ती मोनाताईच्या काचेपाशी होती. धुक्यात मोठा काळा आकार, घोंगडी पांघरल्यासारखा. काचेवर आतून नाही, बाहेरून वाफ धरत होती. येत होती, जात होती.

"कितवा गं?"

मोनाताईच्या तोंडून कसंबसं निघालं, "सातवा..."

"आमचं गेलं," ती म्हणाली. "तुजं येतंय. जप." आणि जरा थांबून, "मी बी जपीन."

गाडी चालू झाली. आजऱ्यात आबांनी गाडी थांबवली. तिथं चहा प्याले आणि मग म्हणाले, "वाडीवरची म्हातारी असंल कुणीतरी. घरात काय बोलू नका." बस, विषय मिटला. आमच्या घरात विषय असेच मिटवतात, वर झाकण ठेवून.

पोरगा दिवाळीनंतर झाला. गुटगुटीत, धट्टाकट्टा. पाळण्यातलं नाव आदित्य ठेवलं, पण मोनाताई त्याला पिल्लूच म्हणायची. मला ते ऐकवायचं नाही. तिला सांगायचं धाडसही झालं नाही. सहा महिन्यांचा असताना त्याला फोटो स्टुडिओत नेलं. फ्लॅश पडला आणि पोर थांबलं. रडणं नाही, पापणी नाही, हात वर उचललेला तो तसाच. फोटोवाला म्हणाला, "लई शहाणं हाय हो, हलत न्हाय." काकू कौतुकानं हसली. मी आणि मोनाताईनं एकमेकांकडं बघितलं.

चालायला लागल्यावर ते सगळ्यांनाच दिसलं. उचगावात आमच्या घरापुढच्या गल्लीत संध्याकाळी मोटारसायकल शिरली की बाकीची पोरं भिंतीला चिकटायची आणि हे उजेडात मधोमध उभं. हाक मारा, टाळ्या वाजवा, हॉर्न द्या. उजेड अंगावरून गेला की मगच हलायचं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. म्हणून मग घरातल्या थोरांनी उपाय केले. काकूनं मीठ-मोहरी ओवाळली. आबांनी रॉड सरळ करून घेतला, नवी बाहुली बांधली, लिंबं दुप्पट केली. सगळं केलं. चार बल्ब तेवढे त्यांच्याच्यानं काढवले नाहीत.

मोनाताई सासरी गेलीच नाही. त्या रस्त्यानं पोराला न्यायचं नाही, म्हणते. दाजी महिन्याकाठी एकदा येऊन बसून जातात. ती आबांना रोज सांगायची, "गल्लीत येताना लाईट बारीक करत जावा हो. पोरासाठी तरी."

"पोर भित्रं करून ठिवलंयस तू. हॉर्न दिला की सरतंय."

गेल्या आठवड्यात अशीच लाईट गेलेली. दिवेलागणीची वेळ. पिल्लू दारातून कधी निसटलं कळलं नाही. मी ओट्यावर होतो. कोपऱ्यावर ट्रॅक्स वळली आणि गल्ली पांढरी झाली. मधोमध पोर. पाठमोरं, मान वळवलेली, एक पाय उचललेला.

आबांनी हॉर्न दाबला. "सर की रं! ए!" त्यांना आपला नातू दिसला नाही, गल्लीतलं कुणाचं तरी कार्टं दिसलं.

मी पळालो. पोराला कवेत धरून उचलायला गेलो, तर उचलेना. तीन वर्षांचं पोर रे, पण जमिनीत पुरलेल्या खांबासारखं जड. गाडी येतच होती. मी डोळे मिटले. ब्रेकची किंकाळी ऐकू आली, आणि मग तापलेला रॉड माझ्या खांद्याला येऊन टेकला. टेकलाच नुसता.

इंजिन बंद पडलं. दिवे तसेच. आणि गाडीच्या मागच्या काळोखातून, अजिबात न रागावता, कुणीतरी म्हणालं,

"पावणं... लाईट बारीक करा."

ह्या खेपेला आबांनी दिवे घालवले. काळोखात माझ्या कवेतलं वजन एकदम हलकं झालं, निसटलं, आणि हसत पळालं. घराकडं नाही. गाडीच्या मागं. अंधारात एकदाही ठेचकाळलं नाही.

"पिल्लू!" मोनाताई बॅटरी घेऊन धावली, आणि मग स्वतःच ती विझवून टाकली. चाचपडत आम्ही गेलो. पोर भिंतीपाशी बसलं होतं, अंगठा चोखत, पेंगुळलेलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात मागं घेतला.

डोकं ओलं होतं. पाऊस नव्हता, गल्ली कोरडी फटफटीत. कपाळापासून मानेपर्यंत सगळे केस एकाच बाजूला, चापूनचोपून बसलेले, कोमट. हाताला वास आला तो गवताचा. नवं वासरू गाय कशी चाटून काढते, बघितलंयस कधी?

आबा मागं येऊन उभे राहिले. "कुणी भिजवलं रं ह्याला?" एवढंच म्हणाले. मग माडीवर गेले, ते तेव्हापासून खाली आले नाहीत. गाडीची चावी खिळ्याला आहे.

आम्ही दार आतून लावतो, कडी घालतो, वर पाटा टेकवतो. खिडक्याही बंद. तरी सकाळी पोराचे केस तसेच असतात. ओले, एका बाजूला. पहिल्या दिवशी मोनाताईनं पदरानं खसाखसा पुसलं. काल मी बघितलं, ती पुसत नव्हती. दुसऱ्या बाजूनं भांग पाडायला घेतलेला कंगवा तिनं खाली ठेवला, आणि ज्या बाजूला बसवले होते, त्याच बाजूला केस हातानं सारखे केले.

कंदील हलवू नकोस. तसाच राहू दे. कॉटकडं बघ फक्त, आवाज करू नकोस...

तो भिंतीकडं तोंड करून झोपलाय ना? मग डोकं असं वर का उचलतोय, गाय चाटताना वासरू उचलतं तसं?