सोवळ्याची टाकी

नवा मासा आणला की तो थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही, हा माझा नियम. आधी एकवीस दिवस वेगळ्या टाकीत. त्या टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. एकदा दुकानातून आणलेल्या एका माशापायी मोठ्या टाकीतले चौदा मासे अंगावर पांढरे ठिपके येऊन चार दिवसांत मेले होते. तेव्हापासून कानाला खडा. माझी बायको वासंती त्या वेगळ्या टाकीला 'सोवळ्याची टाकी' म्हणायची. "आमच्या आजीपेक्षा यांच्या माशांचं सोवळं कडक," हे पाहुण्यांसमोर हमखास.

ही टाकी रिकामी असली तरी चालू ठेवावी लागते. हवेचा पंप, बुडबुडे आणि रोज चिमूटभर खाणं. ते माशांसाठी नसतं. स्पंजात पाणी शुद्ध करणारे जंतू असतात, ते उपाशी मरू नयेत म्हणून. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्या टाकीत जंतूंपलीकडे काही आहे असं मला कुणी सांगितलं असतं, तर त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं असतं. सदाशिव पेठेत तशीही चहाची घाई कुणाला नसते.

शहाण्णव सालच्या जानेवारीत वासंती सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. "एकवीस दिवस इथे, मग घरी," डॉक्टर म्हणाले. नवव्या दिवशी गेली. जिवंतपणी तिला आम्हाला हातात घेताच आलं नाही.

घरी आल्यावर वासंती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दिवसाला दोन कप चहा, बस. माझं म्हणाल तर मला काहीच वाटत नव्हतं. मी लेक्चर घेत होतो, दूध आणत होतो, दोन्ही टाक्यांत खाणं टाकत होतो. लोक भेटायला येऊन "देवाची मर्जी" म्हणत आणि मी त्यांना त्यांच्या चपला दाखवत होतो. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर ही पण हातची जाईल. ते ऐकूनही मी नुसती मान हलवली.

मग एका सकाळी ती सोवळ्याच्या टाकीपाशी उभी दिसली. चिमूटभर खाणं टाकत होती.

"हिला उपाशी ठेवायचं नसतं ना?" तिने विचारलं.

"नसतं," मी म्हटलं.

तिने कॅलेंडरवर एक रेघ मारली आणि अर्धी पोळी खाल्ली. आठव्या रेघेपर्यंत ती दोन पोळ्या, आमटी, भात असं सगळं खायला लागली. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तळाशी गाळ साचत नाहीये. जंतू दाणे गिळत नाहीत. खाणं आधी कुजावं लागतं. मी अकरा दाणे मोजून टाकले आणि आंघोळ करून आलो. एकही नव्हता. स्पंज पिळून पाहिला, भिंग लावून तळ पाहिला. गोगलगाय नाही, अळी नाही. शेवटी पाण्यात बोट घातलं.

बोट चोखलं गेलं.

मासेही बोटाला तोंड लावतात. पण टाकीत मासा नव्हता, आणि माशाचे ओठ असे मऊ नसतात. ते चोखायचं, दम घ्यायला थांबायचं, पुन्हा चोखायचं.

मी नळी आणि बादली आणून टाकी उपसायला घेतली. वासंतीने दारातून पाहिलं. वाढलेलं ताट तसंच ठेवून ती भिंतीकडे वळून झोपली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. पण टाकीपेक्षा तिच्या त्या पाठीला जास्त घाबरलो. अर्धी उपसलेली टाकी मी तिसऱ्या दिवशी पुन्हा भरली आणि खाणं टाकलं.

"किती टाकलंत?" पलंगावरून आवाज आला.

"अकरा दाणे."

"अजून टाका. दोन दिवसांची उपाशी आहे हो."

आणि ती उठून पोळ्या लाटायला लागली.

एकविसावी रेघ रविवारी आली. सकाळचे अकरा वाजले होते. वासंती न्हाऊन, मांडीवर जुन्या सुती साडीची घडी घेऊन बसली होती. टाकीत ऊन पडलं होतं. पाणी नितळ, रिकामं.

"काढा आता," ती म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

मी जाळी बुडवली. वर काढताना दांडा वाकला.

जाळीत काही दिसत नव्हतं. माझा डावा हात आपोआप खाली गेला, मान सावरायला.

गरम होतं.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवला.

माझ्या तळहातावर ती दचकली.